करपा, कोलंबा आणि कर्जतचं बियाणं

मे महिना आला की गटाच्या बैठकीत हमखास एक विषय निघतो, बियाणं कुठलं घ्यायचं? दुकानात पिशव्यांची रांग असते. ‘कर्जत-३’, ‘कर्जत-२’, ‘कर्जत-५’, ‘सह्याद्री’. आपल्याच तालुक्याचं नाव त्या पिशवीवर कसं आलं, हे आपण सहसा विचारत नाही. आज तीच गोष्ट सांगते. ही गोष्ट भाताची आहे, आणि भाताच्या जुन्या वैऱ्याची, करप्याचीही आहे.

करपा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके येतात, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी. पुढे लोंबीची मान काळी पडते, मोडते आणि दाणा पोचट राहतो. ही एक बुरशी आहे. ढगाळ हवा, रिमझिम, रात्रीचं दव आणि युरियाचा जादा हात मिळाला की ती फोफावते. सह्याद्रीच्या पायथ्याला, कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात, पावसाळ्यात अशी हवा तिला आयतीच मिळते.

बुरशी काय करू शकते, हे आपल्या देशाने बंगालमध्ये पाहिलं. १९४२ साली तिथे तपकिरी ठिपक्यांच्या रोगाने भात बुडालं, त्यातच ऑक्टोबरात मोठं वादळ आलं. १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसं मेली. दोष एकट्या बुरशीचा नव्हता. युद्ध होतं, भाव गगनाला भिडले होते, सरकारचे निर्णयही चुकले. पण रोगाकडे दुर्लक्ष परवडत नाही, एवढं देशाला कळलं. १९४६ साली कटकला भाताची केंद्रीय संशोधन संस्था उभी राहिली, ती या दुष्काळानंतरच.

आपलं कर्जतचं केंद्र मात्र त्याहून जुनं. ते सुरू झालं १९१९ साली. तेव्हा गावोगाव आपापली भातं होती. पावसाच्या मानाने हळवी, निमगरवी, गरवी. एकाच नावाच्या भातातही ताटं वेगवेगळी, कुणी उंच, कुणी बुटकं, कुणी आधी निसवणारं. सुरुवातीचं काम होतं निवडीचं. चांगली लोंबी वेचायची, तिचे दाणे वेगळ्या ओळीत पेरायचे, पुढच्या वर्षी त्या ओळीतून पुन्हा चांगल्या वेचायच्या. कोलंबा-४२, कोलंबा-१८४, कोलंबा-५४० ही नावं त्या काळातली. आता बघा, खळ्यावर झोडणीआधी भरलेल्या लोंब्या बाजूला काढून मुडीत बांधून ठेवणं, हे आपल्या आज्या-पणज्या करतच होत्या. केंद्राने तेच काम वहीत नोंद ठेवून, ओळीने केलं.

पण निवडीला एक मर्यादा असते. शेतात जे आहे, त्यातूनच निवडता येतं. करप्याला तोंड देण्याचा गुण आपल्या भातात नसेल, तर तो दुसऱ्या भाताकडून आणावा लागतो. त्याला संकर म्हणतात. तमिळनाडूत कोइमतूरच्या केंद्राने हे लवकर केलं. करप्याला दाद न देणारं को-४ हे भात त्यांनी दुसऱ्या वाणाशी जुळवलं आणि त्यातून को-२५ काढलं.

हे काम किती नाजूक असतं ते ऐका. भाताचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं. एका इवल्याशा फुलात सहा पुंकेसर. फूल उमलायच्या आधी, म्हणजे आदल्या संध्याकाळी, कात्रीने टोक कापून चिमट्याने ते सहाही काढायचे आणि लोंबीवर पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या भाताचे पराग तिच्यावर झटकायचे. त्यातून थोडेच दाणे मिळतात. ते पेरले की पुढच्या पिढ्यांत शेकडो तऱ्हेची ताटं निघतात, त्यातून निवडत निवडत आठ-दहा वर्षं जातात.

रोगाची परीक्षाही मुद्दाम घेतात. वाफ्याच्या कडेने करप्याला पटकन बळी पडणारं भात लावतात, नत्र जास्त देतात, पानं ओली ठेवतात. म्हणजे रोग सगळीकडे पोचतो. मग कुठली ओळ टिकली, कुठली करपली, त्याला शून्य ते नऊ असे गुण देतात. इथे कमी गुण मिळवणारी ओळ पास!

साठच्या दशकात बाहेरून बुटकी भातं आली. तैवानचं टीएन-१ आणि फिलिपाईन्सचं आयआर-८. उत्पन्न भरघोस होतं, पण रोग-किडींपुढे ती मऊ पडत. मग कर्जतला टीएन-१ आणि आपलं जुनं कोलंबा-५४० यांचा संकर झाला, त्यातून कर्जत-१८४ आलं. म्हणजे नवी सून आणि घरची जुनी माणसं एकत्र नांदली. १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ झालं आणि हे काम त्याच्या छत्राखाली वाढलं.

कर्जत-३ या हळव्या वाणाची कुळी तर ऐकण्यासारखी आहे. त्याच्या आईबापांपैकी एक आयआर-३६. ते आयआर-३६ तयार करताना सहा देशांतली तेरा भातं वापरली होती. शिवाय एक रानभात. त्या वेळी खुरट्या नावाच्या एका विषाणू रोगाने आशियातली शेतं पिवळी पडत होती. सहा हजारांहून जास्त नमुने तपासले, तेव्हा टिकणारं एकच सापडलं, उत्तर प्रदेशातलं एक रानभात. ज्याला कुणी शेतकरी तण म्हणून उपटून टाकेल, त्याने कोट्यवधी लोकांचा भात वाचवला. म्हणून जुनं वाण, रानातलं वाण टाकाऊ समजू नका. तो गुण परत कुठून आणणार?

१९९८ साली कर्जतहून ‘सह्याद्री’ हे संकरित भात आलं. त्याचं बियाणं तयार करताना नर आणि मादी ओळी शेजारी लावतात आणि फुलोऱ्यात दोरी किंवा काठी फिरवून पराग झटकतात.

एवढं सगळं झाल्यावर करपा संपला का? नाही. बुरशीही बदलत राहते. दक्षिण कोरियात सत्तरच्या दशकात टोंगिल जातीची भातं देशभर पसरली. सुरुवातीला करपा त्यांना शिवत नव्हता. पण बुरशीचं नवं रूप आलं, आणि १९७८ साली शेतंच्या शेतं करपली. सगळ्या घरांना एकच कुलूप असेल, तर चोराला एकच किल्ली पुरते.

आपल्याकडे तर राजनाल्याच्या पाण्यावर काही गावांत उन्हाळी भातही होतं. वर्षभर शेतात भात, म्हणजे बुरशीलाही वर्षभर आसरा.

मग आपण गटाने काय करायचं? पहिलं, सगळ्यांनी एकच वाण घेऊ नका. जमिनीप्रमाणे वाटून घ्या. वरकस जागी कर्जत-३ सारखं हळवं, मधल्या जागी कर्जत-५ सारखं निमगरवं, पाणथळ जागी कर्जत-२ सारखं गरवं. दुसरं, सरळ वाणाचं बियाणं घरचं ठेवता येतं. निरोगी शेतातलं, भेसळ काढलेलं ठेवा आणि साधारण तीन वर्षांनी बदला. सह्याद्रीसारख्या संकरिताचं मात्र दरवर्षी नवं घ्यावं लागतं, तो खर्च आधी धरा. तिसरं, पेरणीआधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका. तरंगेल ते काढून टाका, बुडेल ते दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. बुरशीनाशक लावायचं असेल तर कृषी अधिकाऱ्यांना विचारून लावा. चौथं, युरिया एकदम ओतू नका, हप्त्याने द्या.

आणि शेवटचं. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरात किंवा माहेरी कुठलं जुनं भात शिल्लक आहे ते विचारून या. नाव, हळवं की गरवं, करपा लागतो का, एवढं वहीत लिहा आणि पसाभर बी जपून ठेवा. शंभर वर्षांपूर्वी कर्जतच्या केंद्राचं काम अशाच लोंब्यांपासून आणि अशाच नोंदींपासून सुरू झालं होतं.