आधी कोण, आधी काय

लढाई संपेपर्यंत जखमींनी रणांगणावरच पडून राहायचे आणि उचलताना अधिकाऱ्यांना आधी उचलायचे, हा युरोपातल्या फौजांचा जुना रिवाज. नेपोलियनचा शल्यचिकित्सक डोमिनिक ज्याँ लारे याने तो मोडला. १७९०च्या दशकात त्याने घोड्यांच्या हलक्या गाड्या लढाई चालू असतानाच जखमींपर्यंत नेल्या; १८१२च्या रशियन मोहिमेविषयी लिहिताना, हुद्दा न पाहता सर्वांत धोक्यात असलेल्याला आधी घ्यावे, असे त्याने बजावले. आजही रुग्णालयात कुणा साहेबाचा फोन आला म्हणून केसपेपर वर सरकतो, तेव्हा लारेचे म्हणणे अजून सगळीकडे पोचलेले नाही, एवढेच खरे.

लारेच्या काळात हा निर्णय सर्जनचा होता. परिचारिका यात ठळकपणे दिसते ती क्रिमियन युद्धात, आणि तीही फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या ब्रिटिश बाजूला नव्हे, तर समोरच्या रशियन बाजूला. सेवास्तोपोलमध्ये शल्यचिकित्सक निकोलाय पिरोगोव्हने जखमी येताक्षणीच वेगळे करायला सुरुवात केली: लगेच शस्त्रक्रिया हवी ते, उद्यापर्यंत थांबू शकणारे, मलमपट्टीवर भागणारे आणि वाचण्यापलीकडचे. सिस्टरांचीही त्याने विभागणी केली. कुणाकडे ड्रेसिंग, कुणाकडे औषधे, कुणाकडे कोठी. वाचण्यापलीकडचे मात्र सिस्टर आणि पाद्री यांच्या हवाली. ज्यांचा नंबर कधी लागणारच नव्हता, त्यांच्यापाशी तिला बसवले गेले.

नागरी रुग्णालयात ही पद्धत फार उशिरा आली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरी येणारे डॉक्टर कमी होत गेले आणि सर्दी-खोकल्याचे रुग्णही इमर्जन्सीत येऊ लागले. दाराशी कुणीतरी निवड करणे भाग पडले, आणि हळूहळू ते काम अनुभवी नर्सकडे गेले. १९९०च्या दशकाअखेरीस तिथेच तयार झालेली पाच पायऱ्यांची पद्धत तिच्या डोक्यातले प्रश्न क्रमाने मांडते: हा आत्ता मरणाच्या दारात आहे का? थांबवला तर धोका आहे का? तपासण्या-उपचार किती लागतील? नाडी, श्वास, ऑक्सिजन काय सांगतात?

‘आधी कोण’ ठरले, तरी त्या एका माणसाचे ‘आधी काय’ उरतेच. डॉ. पीटर सफार यांनी १९५०च्या दशकात श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण असा क्रम रूढ केला. फेब्रुवारी १९७६मध्ये अस्थिशल्यचिकित्सक जेम्स स्टायनर यांचे छोटे विमान नेब्रास्कात कोसळले. पत्नी जागीच गेली, मुले जखमी. गावच्या रुग्णालयातले उपचार पाहून ते हादरले, आणि त्यातूनच अपघातग्रस्तांच्या उपचारांचा ठरावीक क्रम शिकवणारा अभ्यासक्रम १९७८मध्ये सुरू झाला. पण हा क्रम काही वेदवाक्य नव्हे. २०१०मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदय बंद पडलेल्या प्रौढासाठी छातीवरचा दाब पहिला केला. अंगावरून रक्ताचा पाट वाहत असेल, तर आता तो आधी थांबवतात.

सर्जिकल वॉर्डात प्रश्न अवघड होतो, कारण तिथे धोका ओरडत नाही. टाके दुखतात म्हणून हाका मारणारा एक, सलाईन संपलेला दुसरा, आणि कालच ऑपरेशन झालेला, गप्प, मिनिटाला सव्वीस श्वास घेणारा तिसरा. ब्रिटनमध्ये २०१२पासून वापरात असलेल्या, रुग्णाचा धोका मोजणाऱ्या गुणपत्रकात पंचवीस किंवा त्याहून जास्त श्वासांना एकदम तीन गुण आहेत, आणि एकाच नोंदीला तीन मिळाले तरी डॉक्टरला तातडीने कळवायचे असते. तेव्हा सिस्टर आधी त्या तिसऱ्याकडे जाते. अर्थात श्वास खरोखर मोजले असतील तरच. बऱ्याच तक्त्यांवर सगळ्यांच्या नावापुढे वीस लिहिलेले असतात.