हजेरीपटावरील गैरहजर मुलगी

शाळा उघडण्याचे दिवस जवळ यावेत, नवे कपडे घ्यायचे असावेत आणि हाताशी पैसा नसावा, ही अडचण घरोघरची आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील सिंडी कॅम्पबेल या मुलीला ती 1973 साली पडली. तिने 11 ऑगस्टला आपल्या इमारतीतील दालनात नाचगाण्याचा जलसा ठेवला, थोडे प्रवेशमूल्य लावले आणि तबकड्या वाजविण्यास थोरल्या भावाला उभे केले. हा भाऊ म्हणजे कूल हर्क. गाण्यात शब्द थांबून नुसता ताल उरतो, तेवढाच तुकडा लांबवून लोकांना नाचविण्याची त्याची हातोटी होती. त्या तालावर यमके जुळवीत झरझर बोलण्याची जी कला बहरली ती रॅप, आणि या साऱ्या गोतावळ्याचे नाव हिपहॉप. या कलेच्या पाळण्याची दोरी एका बहिणीच्या हाती होती, हे आधीच सांगितलेले बरे. कारण पुढे हा प्रांत पुरुषांचाच समजला गेला.

त्या प्रांतात ज्या स्त्रियांनी मानाने पाऊल टाकले, त्यांतली एक लॉरिन हिल. जन्म 26 मे 1975, न्यू जर्सीतला. आई इंग्रजीची शिक्षिका, घरात जुन्या तबकड्यांचा संग्रह. तेराव्या वर्षी ती हार्लेमच्या अपोलो रंगमंचावर गायला उभी राहिली, तेव्हा श्रोत्यांनी हुर्यो केली. पोर डगमगली, पण ध्वनिक्षेपकाजवळ सरकली आणि गाणे पुरे करूनच खाली उतरली.

पुढे वायक्लेफ जीन आणि प्रास या हैती बेटाशी नाते असलेल्या दोघांबरोबर तिने ‘फ्यूजीज’ हा संच उभा केला. नाव ‘रेफ्यूजी’, म्हणजे निर्वासित, या शब्दावरून घेतलेले. 1994 चा पहिला संग्रह फारसा चालला नाही. 1996 च्या ‘द स्कोर’ने मात्र जग जिंकले. अशा भरभराटीत तिला मातृत्वाची चाहूल लागली. आता मूल नको, आधी नाव कमाव, असा सल्ला देणारे भेटले. तिने तो मानला नाही. 1997 मध्ये मुलगा झाला आणि त्याच्यावरच तिने गाणे रचले.

25 ऑगस्ट 1998 रोजी तिचा स्वतंत्र संग्रह आला: ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’. हे नाव कार्टर वूडसन या कृष्णवर्णी इतिहासकाराच्या 1933 च्या ग्रंथाची आठवण देते. शाळा आपल्याच मुलांना स्वतःला हीन मानायला शिकवते, हे त्याचे दुखणे होते. संग्रहाचा आरंभ वर्गातील हजेरीने होतो. गुरुजी लॉरिनचे नाव पुकारतात. उत्तर येत नाही. गाण्यांच्या मधून मधून तोच वर्ग मुलांशी प्रेमाविषयी बोलत राहतो. ते गुरुजी झालेले रास बराका 2014 मध्ये खरोखरच न्यूअर्क शहराचे महापौर झाले!

पहिल्या आठवड्यातच 4 लाख 22 हजारांवर प्रती खपल्या. फेब्रुवारी 1999 मध्ये तेवीस वर्षांच्या या मुलीने एका रात्रीत पाच ग्रॅमी पारितोषिके मिळविली. वर्षातील सर्वोत्तम संग्रहाचा मान हिपहॉपला प्रथमच मिळाला.

परंतु यशाच्या दिव्याखालीही अंधार असतो. संग्रहासाठी राबलेल्या चौघा संगीतकारांनी आपल्या श्रेयासाठी 1998 मध्येच दावा लावला. 2001 मध्ये तो आपसात मिटला. 2001 मध्येच ती नुसती गिटार घेऊन लोकांसमोर बसली, गाता गाता रडली. कोणी हेलावले, कोणी नावे ठेवली. पुढे करविवरणे न भरल्याबद्दल 2013 मध्ये तिने तीन महिने तुरुंगवास भोगला. आणि पहिल्या संग्रहानंतरची पंचवीस वर्षे उलटली, तरी स्टुडिओत बांधलेला दुसरा स्वतंत्र संग्रह आला नाही.

मग तिला अपयशी म्हणायचे काय? मी शाळामास्तर. रोज हजेरी घेतो. उत्तर न आलेल्या नावापुढे फुली मारताना आम्हां मास्तरांना वाटते, पोर वाया गेले. ते कुठे गेले, काय शिकत आहे, हे विचारायला सवड नसते. लॉरिनने आपल्याच नावापुढे ती फुली मारून घेतली आणि वर्गाबाहेर जे शिकली ते एकदाच, पण खणखणीत आवाजात सांगून टाकले. दरवर्षी एक पुस्तक काढणाऱ्या आम्हां लेखकांनी ते ऐकण्याजोगे आहे.