रूटचे घर आणि आपले घर

लिनक्समध्ये 'रूट' या सर्वाधिकाऱ्याचे घर वेगळे आणि साध्या वापरकर्त्याचे वेगळे. प्रश्न वरवर संगणकवाल्यांचा आहे. आम्ही तत्त्वज्ञानवाले तो घेतो, कारण अधिकार आणि माणूस वेगळे करण्याचा इतिहास त्यात आहे. रत्नागिरीला तो नवा नाही.

आपल्याकडे खोत होता. सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणे हे त्याचे काम. पण खोती वंशपरंपरेने चालायची. त्यामुळे सरकारी काम कुठे संपते आणि खोताचे घर कुठे सुरू होते, हे कुळाला कळायचेच नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हायला १९४९ उजाडले.

आता युनिक्स बघा. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली बेल लॅब्जमध्ये त्याचा पाया घातला. यंत्र एक, वापरणारे अनेक. म्हणून प्रत्येकाला आपली डिरेक्टरी आणि सगळ्यांवर एक रूट. जुन्या युनिक्समध्ये रूटचे घर म्हणजे '/', फायलींच्या झाडाचे मूळच. सगळा गाव हेच खोताचे अंगण! त्याच्या खासगी फायली तिथेच पसरायच्या. पुढे लिनक्समध्ये त्याला '/रूट' हे स्वतंत्र घर मिळाले. ते इतरांच्या '/होम'मध्ये नाही, यालाही कारण आहे. '/होम' पुष्कळदा वेगळ्या डिस्कवर असते. ती जोडली गेली नाही, तरी दुरुस्तीला आलेल्या रूटला पाय ठेवायला जागा हवी.

एका घरातून दुसऱ्यात जायचे कसे? नुसते 'एसयू' म्हटले, तर अधिकार बदलतो, जागा बदलत नाही. तुम्ही रूट होता, पण उभे असता आपल्याच ओटीवर. मग नुसते 'सीडी' केले की रूटच्या घरी पोचता, कारण '~' ही खूण आता त्याचे घर दाखवते. रूट असतानाच आपल्या घरी यायचे, तर 'सीडी'पुढे '~' लिहून त्याला आपले नाव जोडावे. 'एसयू -' असे रेघेसकट लिहिले, तर अधिकार आणि जागा दोन्ही बदलतात. परतायला 'एक्झिट'.

एवढ्याशा रेघेने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते ना! रूट होऊन आपल्या घरात नवी फाइल केली, की ती रूटच्या नावावर चढते. 'एक्झिट' करून तिच्यात काही लिहायला जावे, तर नकार. घर आपले, सातबारा दुसऱ्याचा! कोकणी माणसाला हे दुःख समजावून सांगायला नको.

१९८०च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात 'सुडो' तयार झाला: एका कामापुरता अधिकार, काम झाले की संपला. खोताच्या अधिकाराला असा शेवट नव्हता. तो कायद्याने आणावा लागला.

तेव्हा आज्ञा देण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. 'हू-अ‍ॅम-आय' म्हणजे आपला जुना 'कोऽहम्', आणि 'पीडब्ल्यूडी' म्हणजे मी उभा कुठे आहे. पहिल्या प्रश्नावर आम्ही आयुष्य घालवले. यंत्र एका शब्दात उत्तर देते. ते वाचावे, मगच पुढची कळ दाबावी.