झिको: एक हुकलेली पेनल्टी, एक जपानी गाव आणि गोव्याचे तीन हंगाम

(मागे लाँचच्या इंजिनाची धडधड ऐकू येईल, ती काढलेली नाही. हा भाग रेवसच्या धक्क्यावर बसून रेकॉर्ड केला होता. बोलण्यातलं थोडं मागेपुढे करून इथे लिहून काढलं आहे.)

आधीच सांगतो, रेवस. रेवदंडा नव्हे. दरवेळी कुणीतरी गल्लत करतंच. भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरली की उतरता ते रेवस. समोर धरमतरच्या खाडीचं तोंड आणि पलीकडे करंजा. मी इथलाच. आज विषय फुटबॉलचा आहे आणि तुम्ही म्हणाल, रेवसचा आणि फुटबॉलचा काय संबंध? खरं आहे. आमच्याकडे कबड्डी आणि त्याच्या खालोखाल टेनिस बॉलचं क्रिकेट. पण ही गोष्ट माझ्यासाठी इथेच सुरू झाली.

जून १९८६. मेक्सिकोचा वर्ल्ड कप. आमच्या आळीत एकच टीव्ही होता, ब्लॅक अँड व्हाइट, आणि त्याचा अँटेना बांबूवर बांधून मुंबईकडे तोंड करून ठेवलेला. २१ जूनला ब्राझील विरुद्ध फ्रान्स, उपांत्यपूर्व सामना. तिकडे भर दुपारचे बारा, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. बाहेर पाऊस. वारा आला की अँटेना फिरायचा आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग एकानं ओट्यावर जाऊन बांबू फिरवायचा आणि आतल्यांनी ओरडायचं, "आला, आला, थांब!"

१–१ अशी बरोबरी होती. शेवटच्या वीसेक मिनिटांसाठी ब्राझीलनं बदली खेळाडू म्हणून झिकोला उतरवलं. वय ३३. आदल्या वर्षी रिओमधल्या एका सामन्यात त्याच्या गुडघ्याची पार वाट लागली होती, तोच गुडघा घेऊन तो आला होता. आल्या आल्या त्यानं ब्रांकोला असा पास दिला की फ्रान्सच्या गोलकीपरला, बात्सला, त्याला पाडण्यावाचून इलाज राहिला नाही. पेनल्टी. ती घ्यायला झिकोच पुढे आला, आणि बात्सनं ती अडवली.

सामना पुढे शूटआउटमध्ये गेला. तिथे झिकोनं आपली पेनल्टी घातली, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. सॉक्रेटिस चुकला, ज्युलियो सीझर चुकला, फ्रान्सचा प्लातिनीसुद्धा चुकला. तरी आळीतले सगळे घरी जाताना एकाच माणसाला शिव्या घालत होते. मी लहान होतो. मला वाटलं होतं की हा माणूस आता कायमचा संपला.

झालं उलटंच. त्यानंतरच्या तीस वर्षांत तो कुठे कुठे गेला ते बघितलं की चक्रावायला होतं. आणि त्यातला एक मुक्काम आपल्या शेजारी, गोव्यात होता. आज मुख्यतः त्याबद्दलच बोलायचंय, पण आधी थोडी पार्श्वभूमी.

आर्थर अंतुनेस कोइंब्रा. जन्म ३ मार्च १९५३, रिओचं क्विंतिनो नावाचं उपनगर. घरात आर्थरचा 'आर्थरझिको' झाला आणि त्याचा झिको. वडील पोर्तुगालहून आलेले. पोरगा इतका किडकिडीत की फ्लामेंगो क्लबनं त्याला खुराक आणि व्यायाम देऊन अक्षरशः घडवला. पुढे याच पोरानं फ्लामेंगोसाठी पाचशेच्या वर गोल केले. १९८१ साली दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, कोपा लिबर्टाडोरेस, त्यानं क्लबला जिंकून दिली आणि त्याच डिसेंबरात टोकियोत लिव्हरपूलला ३–० हरवलं. हे टोकियो लक्षात ठेवा. १९८२ च्या वर्ल्ड कपमधला ब्राझीलचा संघ तर अजूनही लोक आठवतात, आणि तो इटलीकडून ३–२ हरला तेही आठवतात. मग इटलीत उदिनेसे, परत फ्लामेंगो, निवृत्ती आणि काही काळ ब्राझील सरकारात क्रीडा खात्याचं काम. या सगळ्यावर वेगळा भाग होईल, पुढे जातो.

१९९१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो जपानमधल्या काशिमाला गेला. काशिमा म्हणजे टोकियो नव्हे हं. समुद्रकाठचं छोटं गाव, सुमितोमो मेटल्सचा पोलाद कारखाना, आणि त्या कारखान्याच्या कामगारांचा दुसऱ्या विभागात खेळणारा संघ. म्हणजे असं समजा की आमच्या अलिबाग तालुक्यात, थळच्या आरसीएफच्या कारखान्याच्या संघात, एक दिवस झिको येऊन उभा राहिला. जपानमध्ये तेव्हा व्यावसायिक जे-लीगची जुळवाजुळव चालली होती. काशिमाला लीगच्या प्रमुखांनी सांगितलं की तुम्ही येण्याची शक्यता जवळजवळ शून्य. छपराचं, पंधरा हजार लोकांचं स्टेडियम बांधा, मग बघू. त्यांनी बांधलं!

झिको तिथे नुसता खेळला नाही. व्यावसायिक खेळाडूनं सराव कसा करावा, बुटांची काळजी कशी घ्यावी, हरल्यावर कसं वागावं, इथपासून त्यानं शिकवलं. सुरुवातीला लोकांना तो कटकट्या वाटला असणार. १६ मे १९९३ ला काशिमा अँटलर्सनं लीगमधला पहिला सामना खेळला, नागोयाविरुद्ध. ५–०. त्यात चाळिशीतल्या झिकोची हॅटट्रिक.

तो काही संत नव्हता, हेही सांगायला हवं. त्याच हंगामाच्या विजेतेपदाच्या लढतीत विरुद्ध संघाला पेनल्टी मिळाली, तेव्हा हा चिडून चेंडूपाशी गेला आणि चेंडूवर थुंकला. लाल कार्ड. पेनल्टीचं आणि याचं काय वैर होतं देव जाणे.

पण तो तिथे राहिला, हे महत्त्वाचं. आधी खेळाडू, नंतर तांत्रिक सल्लागार, अशी वर्षामागून वर्षं. आज स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे, आणि त्या कारखान्याच्या संघानं पुढे जपानमधल्या कुठल्याही क्लबपेक्षा जास्त लीग विजेतेपदं मिळवली.

२००२ साली तो जपानच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. दोन वर्षांनी आशिया कप जिंकला. त्यातला जॉर्डनविरुद्धचा सामना शोधून बघाच, पेनल्टी शूटआउटमध्ये पहिल्या दोन्ही चुकूनही जपान जिंकलं. याच काळात त्याचा भारताशी पहिला संबंध आला. वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत भारत आणि जपान एकाच गटात. जून २००४ ला सैतामात जपाननं आपल्याला ७–० हरवलं. सप्टेंबरात कोलकात्यात ४–०, आणि तिथे मध्यंतरात सॉल्ट लेक स्टेडियमचे दिवेच गेले! झिकोच्या डोक्यात भारत म्हणजे काय चित्र बसलं असेल, मी कल्पना करू शकतो.

२००६ चा वर्ल्ड कप. ऑस्ट्रेलियाविरुद्ध जपान ८४ व्या मिनिटापर्यंत १–० पुढे होतं आणि शेवटच्या आठेक मिनिटांत तीन गोल खाल्ले. हा आकडा डोक्यात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

त्यानंतर तुर्कस्तानात फेनरबाचे, तिथे लीग जिंकली आणि २००८ ला चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी गाठली. मग उझबेकिस्तान, मॉस्को, ग्रीस, इराकचा राष्ट्रीय संघ, कतार. कुठे काही महिने, कुठे वर्षभर. एखादा मोठा गवंडी गावोगाव फिरतो, पाया खणतो न खणतो तोच त्याचा हिशोब चुकता होतो, तसं काहीसं.

आणि २०१४ ला गोवा.

इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम. एफसी गोवाचा प्रशिक्षक झिको, ही बातमी ऐकली तेव्हा मला आधी विश्वास बसला नाही. पण एका अर्थानं ते किती बरोबर होतं! गोवा पोर्तुगीजांकडे होता १९६१ पर्यंत. तिथल्या जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांशी झिको आपल्या मातृभाषेत बोलू शकत होता. आणि गोवाच कशाला, आमच्या या किनाऱ्यावर, रेवदंड्याच्या पलीकडे कोर्लईत (बघा, शेवटी रेवदंडा आलाच) आजही काही घरांत पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली बोलतात. तिथे फुटबॉल मात्र रुजला नाही. गोव्यात रुजला, कारण तिथे चर्चच्या अंगणापासून शेतापर्यंत तो रोज खेळला गेला आणि गावागावातल्या क्लबांनी तो सांभाळला. म्हणजे झिको काशिमाला गेला तसा इथे ओसाड जमिनीवर आला नव्हता. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांनी राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली होती. जमीन तयार होती. नव्हता तो वेळ.

लीग किती दिवसांची? ऑक्टोबर ते डिसेंबर, जेमतेम सव्वादोन महिने. खेळाडू बरेचसे दुसऱ्या क्लबांकडून उसने आणलेले. डिसेंबर संपला की सगळे आपापल्या वाटेनं. झिको तेव्हा वारंवार सांगत होता की हंगाम लांब हवा. याला मी रडगाणं म्हणणार नाही. काशिमात काय लागलं होतं ते त्याला ठाऊक होतं.

तरीही बघा. पहिल्या वर्षी संघ सुरुवातीला अडखळला आणि मग दुसऱ्या क्रमांकावर आला. उपांत्य फेरीत कोलकात्याविरुद्ध दोन्ही सामने गोलशून्य, आणि हरले कशावर? पेनल्टी शूटआउटवर. त्या हंगामात आसोळण्याचा रोमियो फर्नांडिस असा खेळला की २०१५ च्या सुरुवातीला तो थेट ब्राझीलच्या अॅटलेटिको पारानाएन्सेकडे गेला. गोव्याच्या एका गावातला मुलगा ब्राझीलमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळायला! उलट दिशेचा प्रवास आपण नेहमी बघतो, हा कधी बघितला होता?

दुसरं वर्ष, २०१५. हा खरा झिकोचा संघ. नोव्हेंबरात फातोर्ड्याला त्यांनी मुंबई सिटीला ७–० हरवलं, दुदू आणि हाओकिप, दोघांच्या हॅटट्रिक. मी मुंबईच्या बाजूचा माणूस, पण त्या रात्री रागवायला जागाच नव्हती. साखळीत पहिला नंबर, उपांत्य फेरीत दिल्लीवर मात, आणि २० डिसेंबरला अंतिम सामना घरच्याच मैदानावर, चेन्नईयनविरुद्ध.

चेन्नईचा प्रशिक्षक मार्को मातेराझी. इटालियन. मी बघता बघता मनाशी म्हटलं, पुन्हा इटली.

१–१ होते. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेनं गोव्याला पुढे नेलं. स्टेडियम वेडं झालं. तीन मिनिटं राहिली होती. आणि मग नव्वदाव्या मिनिटाला गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमनीकडून स्वयंगोल झाला. ज्यानं त्याच सामन्यात पेनल्टी अडवून संघाला जिवंत ठेवलं होतं, त्याच्याच हातून. लगेच मेंडोझानं तिसरा घातला. ३–२. मी टीव्हीसमोर बसलो होतो आणि मला तो रेवसचा बांबू आठवला. कट्टीमनीला त्या रात्री गोव्यात काय काय ऐकावं लागलं असेल, हे झिकोइतकं त्या मैदानावर दुसऱ्या कुणाला कळलं असेल असं मला वाटत नाही.

सामन्यानंतर मैदानावर जे धक्काबुक्कीचं प्रकरण झालं, त्यातून क्लबवर मोठी कारवाई झाली, पुढे अपिलात ती बरीच सौम्य झाली. पण पुढच्या हंगामाच्या तयारीचा विचका व्हायचा तो झालाच. २०१६ ला गोवा शेवटच्या, आठव्या क्रमांकावर. निरोपाचा सामना मात्र फातोर्ड्याला, पुन्हा चेन्नईविरुद्धच, आणि तो संपला ५–४! अगदी शेवटच्या क्षणी विजयी गोल केला साहिल तावोरानं, गोव्याच्याच पोरानं. जानेवारी २०१७ मध्ये क्लब आणि झिको वेगळे झाले.

आता लोक म्हणतात, झिको गोव्यात अपयशी ठरला. एकदा उपांत्य, एकदा अंतिम, एकदा तळ, करंडक शून्य. कागदावर खरं आहे. मला ते पटत नाही. आमच्याकडे कबड्डीचं मंडळ कसं उभं राहतं, ते मी लहानपणापासून बघतोय. एखादा जुना खेळाडू, गुडघे गेलेले, रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला येऊन बसतो. पावसाळा नाही, उन्हाळा नाही. दहा वर्षांनी त्या गावचा मुलगा जिल्ह्याच्या संघात दिसतो. तोच माणूस वर्षातून सव्वादोन महिने आला असता तर? काशिमानं झिकोला रोजची संध्याकाळ दिली. आपण त्याला तीन ऑक्टोबर, तीन नोव्हेंबर आणि तीन डिसेंबर दिले.

त्यातूनही काही उरलंच. २०१४ पासून त्या संघात डाव्या बाजूनं धावणारा म्हापशाचा मंदार राव देसाई पुढच्या प्रशिक्षकाच्या काळात संघाचा कर्णधार झाला. २०१९ ला गोव्यानं सुपर कप जिंकला, आणि २०१९–२० ला लीगमध्ये पहिलं येऊन शील्ड. तोपर्यंत हंगाम लांबला होता, प्रशिक्षकालाही सलग वर्षं मिळाली होती. श्रेय सर्जिओ लोबेराचं, त्यात वाद नाही.

आणि झिको? २०१८ च्या ऑगस्टमध्ये काशिमानं त्याला परत बोलावलं, तांत्रिक संचालक म्हणून. वय ६५. त्याच नोव्हेंबरात काशिमा अँटलर्सनं पहिल्यांदा आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली.

भोंगा वाजला, लाँच लागली. इथेच थांबतो.