महाड-पोलादपूर परिसरातील वॉकी-टॉकी संपर्क
वॉकी-टॉकी हा मोबाईल मनोऱ्याविना चालणारा, हातात धरण्याजोगा बिनतारी संच आहे. रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या डोंगराळ तालुक्यांत त्याची गरज विशेषतः पावसाळ्यात जाणवते. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले व मोबाईल सेवा ठप्प झाली. त्याच दिवशी दरड कोसळलेल्या तळिये गावी बचाव पथके दुसऱ्या दिवशी पोहोचली.

संचाचे तरंग साधारणतः सरळ रेषेत जातात. त्यामुळे सावित्रीच्या मोकळ्या खोऱ्यात काही किलोमीटर चालणारा संच आंबेनळी घाटात एका डोंगरसोंडेआड निरुपयोगी ठरू शकतो. अशा वेळी निरोप पुढे देण्यासाठी कड्यावर दुसरा संचधारक उभा करावा लागतो. मुंबईतील नातेवाइकांपर्यंत मात्र हा निरोप थेट जात नाही. भारतात ४४६.०–४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना परवाना लागत नाही.