शेकोटीशिवायची ऊब: जुन्नरची थंडी, शिकारी आणि घोंगडं

या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी ऐकून "ते सगळं लिहून द्या ना" म्हटलं त्यांच्यासाठीही.

सुरुवात डिंगोऱ्यापासून करू. कल्याण-नगर रस्त्यावर ओतूरहून माळशेजकडे निघालात की हे गाव लागतं. जानेवारीतली पहाटेची पाचची वेळ. मी रस्त्याकडेला गाडीची वाट बघत उभा. अंगात चांगलं फुगीर जाकीट, डोक्याला कानटोपी, तरी दात वाजतायत. जरा हात हलवला की जाकिटाचा खसखस आवाज. समोर एक म्हातारे बाबा बसलेले. अंगावर काळं घोंगडं, त्याचीच डोक्यावर खोळ. हलत नाहीत, वाजत नाहीत, अंधारात नीट दिसतही नाहीत. तेव्हा डोक्यात आलं, की हा तर शिकाऱ्याचा वेश आहे!

तर आजचा प्रश्न असा: पूर्वी या भागात माणसं थंडीच्या रात्री शिकारीला बसायची, तेव्हा ऊब कुठून आणायची?

तुम्ही म्हणाल, शेकोटी. इथेच गंमत आहे. शिकाऱ्याला शेकोटी चालत नाही.

थंडी येते कुठून?

आधी थंडी समजून घेऊ. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. तेवढी थंडी रोज पडत नाही, पण जुन्नरच्या खोऱ्यांत हिवाळ्यात पारा दहाच्या खाली जाणं नवं नाही. आभाळ स्वच्छ असतं, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता सोडून देते. जमिनीलगतची हवा गार होते. गार हवा जड, म्हणून ती डोंगरउतारावरून ओघळत खाली येते आणि ओढ्याकाठी, शेतात साचते. म्हणून कधी कधी वरच्या टेपाडापेक्षा खालच्या शेतात जास्त गारठा असतो.

आणि रब्बीची ज्वारी, हरभरा उभा असतो तोही याच दिवसांत. म्हणजे रानडुकरं, ससे शेतात यायचीही हीच वेळ. मग रात्री दोन प्रकारची माणसं बाहेर असायची. एक राखणदार, दुसरा शिकारी. दोघांना थंडी सारखीच, पण ऊब मिळवायची रीत अगदी उलटी.

राखणदाराला जनावर हाकलायचं असतं. तो माळ्याजवळ जाळ करतो, आरोळ्या देतो, डबा बडवतो, गोफण फिरवतो. त्याचा जाळ, त्याचा आवाज, त्याचं हिंडणं यातून ऊबही मिळते आणि कामही होतं.

शिकाऱ्याला जनावर जवळ यायला हवं असतं. म्हणजे उजेड नको, धूर नको, खोकला नको, हालचाल नको. शांत बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं, जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. चालायला लागलं की ती कितीतरी पटींनी वाढते. शिकारी चालूही शकत नाही. त्याच्याकडे तो एकच बल्ब. तो विझू न देता पहाट गाठायची.

दोन हजार वर्षांपूर्वीची माघातली थंडी

जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यातला सातवाहन राणी नागणिकेचा शिलालेख तुम्ही ट्रेकला गेलात तेव्हा पाहिला असेल. याच सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावावर 'गाथासप्तशती' हा महाराष्ट्री प्राकृतातला गाथांचा संग्रह आहे. त्यात राजवाडे कमी आणि शेतकरी, गुराखी, व्याध फार.

त्यातल्या एका गाथेत एक शेतकरी ऐन माघात अंगावरचं पांघरूण देऊन बैल घेतो. एवढी हिंमत का? तर घरात बायकोची ऊब आहे. आणि त्या उबेला उपमा दिलीय ती धूर नसलेल्या, कोंड्यातल्या निखाऱ्याची. उपमा शृंगाराची आहे, पण तिच्यातली माहिती बघा. जाळ वेगळा आणि धूर न करता आतल्या आत धुमसणारा कोंड्याचा निखारा वेगळा, हे तेव्हाच्या माणसाला नीट ठाऊक होतं. आणि पांघरूण ही बैलाशी अदलाबदल करण्याइतकी मोलाची वस्तू होती. एका पांघरुणात एक बैल! आज आपण कपाटात चार-चार जाकिटं ठेवतो.

घोंगडं काम कसं करतं?

आता मुख्य पात्राकडे येऊ. घोंगडं म्हणजे दख्खनी मेंढीच्या लोकरीचं. लोकर जाडीभरडी, बहुतेक काळी, म्हणून रंगवायची गरज नाही. सूत मागावर चढवण्याआधी त्याला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके दळून, शिजवून केलेली ती चिकट खळ सुताला ताठपणा देते.

लोकरीचा तंतू सरळ नसतो, कुरळा असतो. त्या कुरळेपणात हवा अडकते आणि खरी ऊब त्या अडकलेल्या हवेची असते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. उलट ओलावा शोषताना किंचित उष्णता सोडते. पहाटेचं दव पडतं तेव्हा सुती चादर गारठून अंगाला चिकटते, घोंगडं नाही. मात्र एकदा पूर्ण भिजलं की वाळता वाळत नाही. 'भिजत घोंगडं' हा वाक्प्रचार काही उगीच आलेला नाही.

शिकाऱ्यासाठी याहून मोठे गुण दोन. काळं असल्यामुळे ते अंधारात मिसळून जातं. आणि लोकर वाजत नाही. माझं जाकीट प्रत्येक हालचालीला चुगली करत होतं, ते आठवा.

बसायला खाली भाताचा पेंढा असला तर उत्तमच, कारण गार जमीन बसलेल्या माणसाची उष्णता खेचून घेते. हे शहाणपण जगभर दिसतं. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली ओत्झी नावाने प्रसिद्ध झालेला, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस सापडला. सोबत धनुष्य होतं, डोक्याला अस्वलाच्या कातड्याची टोपी आणि बुटांत गवत भरलेलं. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट शिकारी सीलच्या श्वास घ्यायच्या छिद्रापाशी तासन् तास निश्चल उभे राहायचे, पायाखाली कातड्याचा तुकडा घेऊन. अंगात कॅरिबूच्या कातड्याचे दोन थर, आतल्याचे केस अंगाकडे, बाहेरच्याचे बाहेर. मधे पुन्हा तीच अडकलेली हवा.

आणि एक गैरसमज जाता जाता. "दोन घोट घेतले की थंडी पळते." दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर पळते. बल्ब लवकर विझतो.

शिकार कुणाची, गारठा कुणाला?

इंग्रजी अमलात बदकं, पाणलाव्यांची शिकार हा साहेबाचा थंडीतला छंद झाला. मोठ्या शिकारीत हाका घालायचा, म्हणजे गावातल्या माणसांनी ओरडत रान उठवायचं आणि साहेबाने मचाणावर बसायचं. साहेबाकडे गरम कोट, हाकाऱ्यांकडे कांबळं. पण हा कांबळा साहेबांच्याही सामानात शिरला. अँग्लो-इंडियन शब्दांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) या कोशात 'कंबली' ही नोंदच आहे.

पुढे १९५१ मध्ये मुंबई राज्यात वन्य प्राणी-पक्षी संरक्षणाचा कायदा आला आणि १९७२ मध्ये देशभरासाठी वन्यजीव संरक्षण कायदा. रात्री शिकारीला बसणारा माणूस गुन्हेगार ठरला, आणि ते योग्यच झालं. इकडे घोंगड्याची जागा पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांनी घेतली. मेंढ्या मटणासाठी पाळल्या जाऊ लागल्या, लोकरीला गिऱ्हाईक उरलं नाही. गोष्ट इथे संपायला हवी होती.

आता दबा धरतो तो बिबट्या

पण संपली नाही. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला. उसात लपायला जागा, आसपास कुत्री आणि शेळ्या. बिबट्याने उसालाच जंगल मानलं, तिथेच पिल्लं घातली. आज जुन्नर हे नाव लेण्यांइतकंच बिबट्यांमुळे माहीत आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे.

आणि शेतकरी? थ्री फेज वीज रात्री आली की तो रात्रीच दारं धरायला जातो. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये राज्याने सौर कृषी वाहिनी योजना आणली. तोवर आणि त्यानंतरही अनेकांसाठी दिवसाची वीज हे भिजत घोंगडंच आहे.

आता चित्र बघा. जानेवारीची रात्र, खोऱ्यातला गारठा, पायात गार पाणी. थंडी वाजते म्हणून माणूस काय करतो? अंगभर गुरफटून, गुडघे पोटाशी घेऊन बांधावर गप्प बसतो. म्हणजे नकळत जुन्या शिकाऱ्यासारखा बसतो. फक्त या वेळी दबा धरून बसलेला शिकारी दुसराच कुणी असतो, आणि त्याला वाकलेला, बसलेला माणूस उंचीने लहान जनावरासारखा दिसतो.

म्हणून मला वाटतं, जुन्या रात्रींमधून आपण चुकीचा धडा उचलू नये. शिकाऱ्याची ऊब आता आपली नाही. आपली ऊब राखणदाराची. उजेड हवा, आवाज हवा, हिंडणं हवं, सोबतीला माणूस हवा. घोंगडं जरूर घ्या, त्यासारखं पांघरूण नाही. पण त्यात गुरफटून बसू नका, खांद्यावर टाकून उभे राहा. हातात बॅटरी आणि काठी ठेवा. वन विभागही हेच सांगतो: एकटे जाऊ नका, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावा.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी आज रात्री पाणी द्यायला जाणार असाल आणि वाटलं की चला, जाता जाता आपला पॉडकास्ट ऐकू, तर एकच विनंती. इयरफोन घरी ठेवा. आम्हाला स्पीकरवर लावा, आवाज फुल्ल. आमची बडबड एरवी कुणाच्या कामी येवो न येवो, उसातल्या त्या शिकाऱ्याला तरी कळेल, की इथे माणूस आहे, जागा आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, उबेत राहा.