घटनास्थळ नियंत्रण (मुंबई अग्निशमन दल)

घटनास्थळ नियंत्रण म्हणजे आग वा दुर्घटनेची वर्दी मिळाल्यापासून काम संपेपर्यंत मदतकार्याची सूत्रे एका अधिकाऱ्याकडे ठेवण्याची पद्धत होय. मुंबईत आगीची तीव्रता स्तरांत मोजतात. स्तर वाढला की अधिक बंब येतात आणि सूत्रे वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातात.

काय करू नये, हे ठरवणे यात बहुधा अधिक कठीण असते. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या छेडानगर येथे सुमारे १२० फूट लांब व तितकाच रुंद जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला. अडकलेल्यांसाठी लोखंडी सांगाडा त्वरित कापणे आवश्यक होते. परंतु इंधनसाठ्यामुळे सुरुवातीला गॅस कटर टाळावे लागले आणि क्रेनवर भिस्त ठेवावी लागली. ही भीती अनाठायी नव्हती: १५ मे रोजी मदतकार्य सुरू असतानाच तेथे आग लागली व ती तातडीने विझवण्यात आली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलही सहभागी असलेले हे शोधकार्य १६ मे रोजी संपले. दुर्घटनेत १७ जणांचा मृत्यू झाला.

पथकातील जवानांची सुरक्षितता हीदेखील नियंत्रक अधिकाऱ्याची जबाबदारी असते. १८ जुलै २०१४ रोजी अंधेरीतील लोटस बिझनेस पार्कच्या आगीत जवान गच्चीवर अडकले. त्यांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले. एका जवानाचा मृत्यू झाला.

ज्वाळा विझल्यानंतरही धुमसणाऱ्या भागावर पाणी मारून थंडावा दिला जातो. त्यानंतरच बंब केंद्रात परततात.